जुन्या गाडीत कुठलं ब्रेक ऑइल घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, हेराल्ड, जुनी जीप बाळगणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझ्याकडे १९७८ ची पद्मिनी आहे. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एका चाकाशी गळती झाली तरी चारही ब्रेक जातात. त्यामुळे या विषयात मी जरा भित्रा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१. ब्रेक ऑइल म्हणजे इंजिन ऑइलचाच पातळ प्रकार ना?

नाही. सगळा घोटाळा त्या ‘ऑइल’ शब्दानं केलाय. आपण सगळेच ब्रेक ऑइल म्हणतो आणि मीही इथे तेच म्हणणार आहे, पण नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये तेलाचा अंशही नसतो. ते ग्लायकॉल ईथर जातीचं रसायन आहे. पाण्यात सहज मिसळतं आणि हवेतली ओल शोषून घेतं.

गंमत म्हणजे सुरुवातीला त्यात खरंच तेल होतं, तेही एरंडेल. १९२१ च्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग मॉडेल ए पासून मोटारींत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक येऊ लागले. त्या सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत, कारण तेव्हाच्या नैसर्गिक रबराला एरंडेल बाधत नसे. खनिज तेलात मात्र ते रबर फुगायचं. रसायनं बदलली, रबरं बदलली, तरी मुद्दा तोच राहिला: ब्रेक ऑइल निवडताना आधी आतल्या रबराचा विचार करायचा, गाडीचा नंतर.

२. डॉट ३, डॉट ४, डॉट ५, डॉट ५.१ हे आकडे कसले?

डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं. त्यांच्या मानकात प्रत्येक वर्गासाठी किमान उत्कलनबिंदू ठरवलेला आहे. एक आकडा ताज्या ऑइलचा, दुसरा त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यानंतरचा.

डॉट ३ : ताजं २०५ अंश सेल्सियस, ओलं १४०
डॉट ४ : ताजं २३०, ओलं १५५
डॉट ५ आणि ५.१ : ताजं २६०, ओलं १८०

डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो ताजा आकडा. तुमच्या गाडीत दोन पावसाळे काढलेलं ऑइल असेल, तर तुमच्या कामाचा आकडा दुसरा.

आता नावांतली मेख. ३, ४ आणि ५.१ हे तिघे भाऊ, सगळे ग्लायकॉलचे. ५ हा वेगळ्याच घरचा, सिलिकॉनचा. त्यामुळे ‘५.१ म्हणजे ५ ची सुधारित आवृत्ती’ हा समज साफ चुकीचा. हे आकडे ठरवणाऱ्याला कुणीतरी समोर बसवून जाब विचारायला हवा.

३. एवढं वाचायला वेळ नाही. माझी साधी ड्रम ब्रेकची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर आहे. काय घालू?

डॉट ३ किंवा डॉट ४. सीलबंद डबा, नावाजलेल्या कंपनीचा, ओळखीच्या दुकानातून. शहरात फिरवत असाल तर डॉट ३ पुरे. घाटात जाणं होत असेल तर डॉट ४ घाला, किमतीतला फरक किरकोळ आहे. गाडी परदेशी असेल तर प्रश्न १६ वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

४. माझ्या मॅन्युअलमध्ये डॉट हा शब्दच नाही. ‘एसएई ७० आर ३’ असं लिहिलंय. काय समजायचं?

एसएई ही अमेरिकेतली ऑटोमोबाइल इंजिनियरांची संस्था. ७० आर १ आणि ७० आर ३ हे तिचे जुने वर्ग. ७० आर ३ चं नाव पुढे ‘J1703’ झालं आणि ते आजच्या डॉट ३ च्या जवळपास बसतं. तेव्हा असं लिहिलेल्या गाडीत डॉट ३ किंवा त्यावरचं डॉट ४ चालतं. ब्रिटिश वंशाच्या गाड्यांच्या पुस्तकात लॉकहीड किंवा गर्लिंग यांच्या ऑइलचं नाव असतं. या ब्रेकची यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्या. नेमकी तीच बाटली शोधत वणवण करू नका, चांगलं डॉट ४ घाला.

५. आत डॉट ३ आहे. वरून डॉट ४ टाकलं तर फाटेल का?

दूध नाही ते. ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात, कंपनी वेगळी असली तरी. फक्त मिश्रण डॉट ४ च्या ताकदीचं होत नाही, अधेमधे कुठेतरी राहतं. सिलिकॉनच्या डॉट ५ मध्ये मात्र यातलं काहीही मिसळायचं नाही (प्रश्न १०).

६. डॉट ४ घातलं आणि महिन्याभरात व्हील सिलिंडर (चाकाशी असलेले, ब्रेकचे शू ढकलणारे) गळायला लागले. ऑइल ‘गरम’ पडलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा गुन्हा ऑइलचा नसतो. जुन्या सिलिंडरमध्ये रबराचा वॉशर वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात मागेपुढे होत असतो. त्या पट्ट्याच्या पलीकडे गंज आणि काळा चिखल साठतो. ऑइल बदलताना मिस्त्री पेडल तळापर्यंत दाबून हवा काढतो. मग मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरचा, वॉशर कधी न गेलेल्या खडबडीत भागावर घासतो आणि त्याची कड फाटते. शिवाय गळती थोपवून धरणारा चिखलही नव्या ऑइलबरोबर धुऊन निघतो.

उपाय साधा आहे. हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण खाली जाणार नाही. आणि रबर किट (सिलिंडरमधल्या रबरी वॉशरांचा संच) दहा वर्षांचं झालं असेल तर आधी किट, मग ऑइल. किट टाकताना सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहा. नखाला खड्डा लागला तर ते नवं किटही टिकणार नाही. सिलिंडरला स्लीव्ह (आतून नवी नळी) बसवून घ्या किंवा तो बदला.

७. गाडी वर्षाला जेमतेम ५०० किलोमीटर चालते. तरी ऑइल बदलायचं?

ऑइल किलोमीटरनं नाही, दिवसांनी म्हातारं होतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. रबरी होजमधूनही ओल आत झिरपते. गाडी शेडमध्ये उभी असली तरी हे चालूच राहतं, आणि उभ्या गाडीत पिस्टन हलत नसल्यामुळे ते गंजून अडकतात.

साधारण नियम दोन वर्षांचा. रत्नागिरी, अलिबाग, मुंबई, गोवा अशा दमट किनाऱ्यावर गाडी असेल तर मी वर्षाला सांगतो. वेळ पावसाळा संपल्यानंतरची, दसऱ्याच्या आसपास. मे महिन्यात बदलून ते जून-जुलैच्या हवेत भिजत ठेवण्यात काय अर्थ? मी दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधीच्या रविवारी बदलतो. लक्षात राहायला सोपं जातं.

८. ऑइल काळं झालंय म्हणजे खराब झालं, आणि पिवळसर आहे म्हणजे ठीक, बरोबर?

काळं झालं असेल तर बदलाच. तो रंग बहुतेक झिजलेल्या रबराचा आणि गंजाचा असतो. पण स्वच्छ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी विरघळलेलं ऑइलही तसंच पारदर्शक दिसतं. बाजारात पाण्याचा अंश दाखवणारे पेनासारखे टेस्टर मिळतात, ते अंदाजापुरते ठीक. पण ते टाकीतलं ऑइल तपासतात आणि खराब ऑइल असतं चाकाशी. टेस्टरच्या पैशात ऑइलचा डबा येतो, म्हणून मी तो घेतलेलाच नाही.

९. घाट उतरताना पेडल अचानक खाली गेलं. अर्धा तास थांबल्यावर आपोआप नीट झालं. गॅरेजवाल्याला काहीच सापडलं नाही. हे काय होतं?

ऑइल उकळलं. लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचली, ओल्या ऑइलची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. मग तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी तिथेच जिरतो. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पुरावा नाहीसा, म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही.

घाटात ब्रेक जाण्याचे तीन प्रकार असतात आणि ते पायाला वेगवेगळे कळतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही: लायनर तापले, ऑइल ठीक. पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊन मग धरतं: ड्रम तापून पसरला, आतल्या शूला जास्त अंतर जावं लागतंय. पेडल मऊ होऊन तळाला टेकतं: वाफ. तिसऱ्या प्रकारात पेडल भराभर पंप करा, गाडी खालच्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक जपून ओढा आणि डोंगराच्या बाजूला लावा.

माझ्यावर हा प्रसंग आंबा घाटात आला, कोकणात उतरताना. मागच्या सीटवर आई होती आणि सुपात ठेवलेले फणस. पेडल तळाला गेलं तेव्हा मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून निभावलं. टॉपमध्ये असतो तर हे लिहायला बसलो नसतो. ऑइल चार वर्षांचं होतं आणि ती चूक सर्वस्वी माझी. तेव्हा डॉट ४ घाला, वेळेवर बदला, पण ‘ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा’ हा ट्रकवाल्यांचा धडा कुठल्याही डब्यात भरून मिळत नाही.

१०. सिलिकॉनचं डॉट ५ घातलं की ओल शोषत नाही, रंगही खराब होत नाही. मग सगळेच का वापरत नाहीत?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वर्षभर झाकून ठेवलेल्या, क्वचित प्रदर्शनापुरत्या बाहेर काढायच्या गाडीसाठी सिलिकॉनचा मोह मला समजतो. अमेरिकी लष्करानं १९८० च्या दशकात आपल्या वाहनांसाठी ते स्वीकारलं, कारण ती वाहनं वर्षानुवर्षं कोठारात उभी असतात.

पण दुसरी बाजू ऐका. सिलिकॉन पाणी शोषत नाही म्हणजे आत शिरलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते वेगळं राहतं आणि जड असल्यामुळे सर्वात खालच्या जागी, म्हणजे व्हील सिलिंडरमध्ये, जाऊन बसतं. तिथे ते गंज चढवतं, आणि ड्रम तापला की १०० अंशांच्या आसपास उकळतं. ऑइलचा उत्कलनबिंदू २६० असून उपयोग काय? ग्लायकॉलमध्ये तेच पाणी सगळीकडे पसरून विरळ झालं असतं. दुसरं म्हणजे सिलिकॉनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात. ओतताना डबा हलवला तरी पेडल स्पंजसारखं लागतं. तिसरं, जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो. सिलिकॉन घातल्यावर हे स्विच लवकर बंद पडतात अशी अनेक मालकांची तक्रार आहे. मागचा दिवा लागत नाही हे मागचा ठोकल्यावर कळतं. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तर डॉट ५ नकोच.

आणि बदल करायचा असेल तर नुसतं जुनं काढून नवं ओतणं चालत नाही. सगळे वॉशर, सगळे होज नवे, पाइप स्पिरिटनं धुऊन हवेनं कोरडे केलेले, आणि टाकीच्या झाकणावर ठळक लेबल. नाहीतर पुढच्या सर्व्हिसला कुणीतरी प्रेमानं वरून डॉट ३ ओततो. म्हणून माझं मत: पूर्ण रिस्टोरेशन चालू असेल आणि गाडी घाट पाहणार नसेल तर विचार करा. रोजच्या गाडीत नको.

११. गाडी नुकतीच विकत घेतली. आत ग्लायकॉल आहे की सिलिकॉन, कसं ओळखू?

डॉट ५ जांभळं असतं, पण जुनं झाल्यावर रंग उडू शकतो. खात्रीसाठी ड्रॉपरनं टाकीतलं थोडं ऑइल घेऊन पाण्याच्या ग्लासात टाका आणि ढवळा. मिसळून गेलं तर ग्लायकॉल. वर तवंग आला तर सिलिकॉन, किंवा खनिज तेल. रंग जांभळा नसेल आणि तवंग आला असेल, तर थेट पुढच्या प्रश्नाकडे या.

१२. पेट्रोल पंपावरच्या मुलानं ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं. आता?

गाडी चालवू नका. पेडलही दाबू नका, म्हणजे ते ऑइल पाइपात पुढे जाणार नाही. लगेच लक्षात आलं आणि पेडल दाबलंच नसेल, तर टाकी आणि मास्टर सिलिंडर खोलून, धुऊन, किट बदलून कदाचित भागेल.

दाबलं असेल तर पुढचं ऐका. खनिज तेलात ब्रेकचं रबर फुगतं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं, त्यातून पेडल सोडल्यावर ऑइल टाकीत परत येतं. फुगलेला वॉशर ते छिद्र झाकून टाकतो. मग ब्रेक लागतात आणि सुटत नाहीत. चाकं तापतात, गाडी ओढल्यासारखी चालते. हे दिसायला एक-दोन दिवसही लागतात, म्हणून ‘काल तर ठीक होती’ या भरवशावर राहू नका. चारही व्हील सिलिंडरची किट, मास्टरचं किट, सगळे होज बदलायचे, पाइप धुवायचे. खर्चिक आहे, पण दुसरा रस्ता नाही. पॉवर स्टिअरिंगचं आणि जॅकचं ऑइलही याच यादीत येतं.

१३. आमचा मिस्त्री सिलिंडरचे भाग रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुतो. तीस वर्षांचा अनुभव आहे त्याचा.

अनुभवाचा मान ठेवून रॉकेलचा डबा हळूच बाजूला सरकवा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, ग्रीस हे सगळे रबराच्या दृष्टीनं प्रश्न १२ मधल्या इंजिन ऑइलचेच भाऊबंद. ब्रेकचे भाग स्पिरिटनं किंवा ताज्या ब्रेक ऑइलनं धुवायचे, आणि जुळवताना वॉशरला ब्रेक ऑइलच लावायचं. एका गॅरेजमध्ये माझ्या डोळ्यांदेखत नवीन किट रॉकेलच्या ताटलीत टाकलं गेलं. मी गप्प बसलो आणि दोन महिन्यांत ते पुन्हा बदललं. आता मी अर्धा लिटर स्पिरिट आणि एक स्वच्छ स्टीलची वाटी सोबत घेऊनच जातो. ‘साहेब फार चिकित्सक आहेत’ असं म्हणतात, म्हणू देत.

१४. टाकीतली पातळी खाली जातेय, पण जमिनीवर एक थेंब नाही.

डिस्क ब्रेकला पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते चालतं. चारही ड्रम असतील तर मात्र ऑइल कुठेतरी जातंयच. टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग पाहा. ड्रम काढून सिलिंडरचं रबरी बूट हलकेच उचला, आत थोडीशी ओल असली तरी गळती सुरू झाली असं समजा. मग पेडलजवळचा गालिचा बाजूला करून मास्टरच्या मागून ओघळ आलाय का ते बघा. आणि गाडीला व्हॅक्यूम सर्व्हो (इंजिनच्या ओढीनं ब्रेकला जोर देणारा डबा) असेल तर तो नक्की तपासा. त्याचा सील फुटला की इंजिन हे ब्रेक ऑइल ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. लोक हेड गॅस्केट गेलं समजून इंजिन उघडून बसतात.

सिग्नलला पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतं पण पातळी तीच राहते? मग मास्टरचा वॉशर आतल्या आत ऑइल सोडतोय. त्याचा ऑइलच्या प्रकाराशी संबंध नाही.

१५. बदलायची पद्धत काय? कुठल्या चाकापासून?

आधी शू ॲडजस्ट करा. सैल शूमुळे पेडल खाली जातं आणि हवा आहे असं वाटत राहतं. मग मास्टरपासून सर्वात लांबचं चाक पहिलं. आपल्याकडे मास्टर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (चाकाशी हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. एकानं पेडल सावकाश दाबायचं, दुसऱ्यानं निपल सैल करून पुन्हा आवळल्यावरच पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून. ठोकळा विसरू नका (प्रश्न ६). लिटरभर ऑइल हाताशी ठेवा. क्लचही हायड्रॉलिक असेल तर त्याचंही ऑइल त्याच बैठकीत बदला.

१६. अशी कुठली जुनी गाडी आहे का, जिच्यात डॉट ३ किंवा ४ घातलंच तर नुकसान होतं?

आहे. जुन्या हायड्रॉलिक सस्पेन्शनच्या सिट्रोएन गाड्यांत हिरवं खनिज तेल असतं, त्याला एलएचएम म्हणतात. तिथले सील खनिज तेलासाठी बनवलेले, त्यांना ग्लायकॉल मारक. त्यातही पाचर अशी की सुरुवातीच्या डीएस मॉडेलांत लाल रंगाचं, वेगळ्या जातीचं ऑइल होतं आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनी हिरव्याकडे वळली. त्यामुळे ‘डीएस आहे’ एवढं पुरत नाही, कुठल्या काळातली ते बघावं लागतं. रोल्स-रॉइसचंही तसंच. सिल्व्हर शॅडोला ग्लायकॉल जातीचं खास ऑइल लागतं, तर १९८० मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटला खनिज तेल. अशा गाडीच्या टाकीवरची पाटी वाचा. पाटी नसेल तर पुस्तक, आणि पुस्तकही नसेल तर प्रश्न ११ मधला ग्लास.

१७. बॉनेटवर ब्रेक ऑइल सांडलं. पुसू का?

पुसू नका, चोळलं जाईल. भरपूर पाणी ओता, ताबडतोब. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं. दहा मिनिटं गेली तर जुना रंग सुरकुत्या पडून वर येतो. काम सुरू करण्याआधी फेंडरवर ओलं फडकं आणि शेजारी बादली ठेवलेली बरी. सिलिकॉन रंग खात नाही, पण त्याचा अंश राहिला तर पुढे रंग मारताना पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात, पेंटर वैतागतो.

१८. अर्धा डबा उरलाय. पुढच्या वर्षी वापरू का?

नको. उघडलेल्या डब्यातही ओल शिरते. टॉप-अपसाठी दोन-तीन महिने घट्ट बंद करून ठेवा, नंतर नाही. छोटे डबे घ्या. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, कोकच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका. ते विषारी आहे आणि घरात मुलं असतात. नळी तोंडानं ओढण्याची गॅरेजमधली सवयही त्याच कारणासाठी वाईट.

१९. आडरस्त्यावर ऑइल गळालं, दुकान नाही. साबणाचं पाणी घालून घरापर्यंत येता येतं म्हणतात. खरं का?

ट्रकवाल्यांच्या तोंडून मीही ऐकलंय. ज्या भोकातून ब्रेक ऑइल गेलं, त्यातूनच साबणाचं पाणीही जाणार, हे आधी ध्यानात घ्या. गेलं नाही तरी ड्रम तापला की ते उकळणार, आणि मागे गंज सोडणार. गोडं तेल घालाल तर रबर जायची भीती. एकाच सर्किटची गाडी असेल तर टोचन लावून आणू नका, ओढल्या जाणाऱ्या मागच्या गाडीलाही ब्रेक असावाच लागतो. ट्रॉलीवर चढवूनच आणा. मी डिकीत सीलबंद पाव लिटरचा डबा, निपलच्या मापाचा पाना आणि हातभर पारदर्शक नळी ठेवतो. जुन्या टायर-ट्यूबच्या पिशवीत तिन्ही मावतात.